तात्या विंचू, टकलू हैवान आणि एकाच सोफ्यावरची फाळणी

पडद्यामागचा (धागाकर्ता)

महेश कोठारेंच्या सिनेमांबद्दल जालावर दोनच प्रकारचं लिखाण सापडतं. एक 'गेले ते दिवस' छाप, ज्यात लक्ष्या, उन्हाळ्याची सुट्टी आणि शेजाऱ्यांचा व्हीसीआर येतो. दुसरं 'मराठी सिनेमाची वाट यांनीच लावली' छाप. दोन्हींत सिनेमाबद्दल धड एक ओळ नसते, म्हणून हा धागा.

प्रश्न साधा आहे. 'झपाटलेला' (१९९३) बघताना एक जण पोट धरून हसतो आणि त्याच सोफ्यावरचा दुसरा 'काय आचरटपणा आहे' म्हणत उठून जातो. दोघांनाही विनोदाचं वावडं नाही. चॅप्लिन लावला तर दोघं मांडीला मांडी लावून हसतील. तात्या विंचू, म्हणजे त्यातला जिवंत झालेला बाहुला, आला की फाळणी. 'धडाकेबाज'मधला (१९९०) कवट्या महाकाळ आणि बाटलीत राहणारा गंगाराम आले की फाळणी. 'थरथराट'मधल्या (१९८९) टकलू हैवानावर तर माझा आणि बायकोचा कायमचा अबोला आहे.

'इतका वाईट की मजा येते' हे जे स्पष्टीकरण दिलं जातं ते मला पटत नाही. हे सिनेमे ढिसाळ नाहीत. 'धडाकेबाज' मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा. एवढी मेहनत करून कुणी चुकून विनोदी होत नाही.

माझ्या मते गंमत आहे ती पडद्यावरच्या माणसांच्या गांभीर्यात. इन्स्पेक्टर महेश जाधव (म्हणजे स्वतः कोठारे) एका बाहुल्याच्या मागावर आहे, आणि चेहरा असा की आंतरराष्ट्रीय टोळी हाती लागायची आहे. 'डॅम इट' म्हणतो तेव्हा तो मनापासून वैतागलेला असतो. मधू कांबीकर आई म्हणून रडतात त्या कुठल्याही कौटुंबिक चित्रपटात रडल्या असत्या तशाच. कुणीही प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. 'आम्हालाही कळतंय हो हे येडचाप आहे' असं कुणी सुचवत नाही. ज्याला ते गांभीर्य दिसतं तो हसतो, ज्याला नुसता बाहुला दिसतो तो उठतो.

'चाइल्ड्स प्ले'वरून (१९८८) घेतलाय हे जगजाहीर आहे, तेव्हा तो शोध कृपया नव्याने लावू नये. घेताना काय बदललं ते बघा. तिकडे बाहुला लहान मुलाच्या हाती पडतो. मूल म्हणतं बाहुला बोलतो, मोठी माणसं ऐकत नाहीत. भयपटाची नेहमीची चाल. इकडे बाहुला येतो लक्ष्या बोळकेकडे, ज्याला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करायचे आहेत! म्हणजे बाहुला बोलला तर त्यात नवल काय, तेच तर त्याचं काम. त्याने कितीही बोंब मारली की 'मी नाही, हाच बोलतोय', तरी ती कलाच ठरणार. या एका बदलाने भयपटाचा फार्स झाला. खुद्द त्या अमेरिकन बाहुल्याला, चकीला, उघडउघड विनोदी व्हायला १९९८ साल उजाडलं, 'ब्राइड ऑफ चकी'मध्ये. आपला तात्या तिथे पाच वर्षं आधी पोचला होता.

बोला आता. शिव्या घालणाऱ्यांचंही स्वागत, फक्त कारण द्या.

लिमलेट

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. ओम फट् स्वाहा!

अडकित्ता

शिव्या घालणाऱ्यांचं स्वागत आहे म्हणता, तर घ्या.

आचरटपणा गंभीर चेहऱ्याने केला की तो कलेत जमा होतो, ही सोय छान आहे. १९७९ला 'सिंहासन', १९८२ला 'उंबरठा'. १९८५ला 'धूमधडाका' आला, चालला, आणि मग निर्मात्यांना वेडच लागलं. 'श्वास' (२००४) येईपर्यंत मराठी सिनेमा म्हणजे पळापळ, साडी नेसलेला पुरुष, तोतरा नोकर, जाडी बाई आणि शेवटी गोदामात मारामारी. अपवाद होते, नाही असं नाही. पण बाहेरगावचा माणूस 'तुमच्याकडे काय बनतं' विचारायचा तेव्हा सांगायला लाज वाटायची.

आणि ते गांभीर्य वगैरे तुम्ही आज चाळिशीत बसवलेलं तत्त्वज्ञान आहे. दहा वर्षांचे असताना तुम्ही बाहुला बघूनच हसत होतात. हसू आलं हा गुणवत्तेचा पुरावा होत नाही, ते गुदगुल्या केल्यावरही येतं.

'धूमधडाका' स्वतः 'प्यार किये जा'वरून, तो त्याआधीच्या 'कादलिक्क नेरमिल्लै'वरून. तमिळमधून हिंदीत, हिंदीतून मराठीत. या प्रवासात आपण घातलं काय? 'व्याख्खी विक्खी वुख्खू'.

लिमलेट

अहो अडकित्ता, 'व्याख्खी विक्खी वुख्खू' हीच तर अख्ख्या सिनेमातली अस्सल मराठी भर आहे! अशोक सराफ खोटे श्रीमंत बाप बनून पाइप ओढतात आणि प्रश्न अडचणीचा आला की खोकल्यात असं काहीतरी घालतात. आमच्याकडे एक काका अजून लग्नाची बोलणी करताना तेच करतात.

तिसरीघंटा

अडकित्ता यांची सनावळी बरोबर, पण गोष्ट त्यांनी मधूनच सुरू केलीय. 'धूमधडाक्या'च्या आधी तमाशा होता. गण, गवळण, बतावणी, वग.

गवळणीतली मावशी आठवा. लुगडं नेसलेला बाप्या कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि गौळणींना दामटत मथुरेच्या बाजाराला निघतो. तो पुरुष आहे हे समोरच्याला माहीत, आणि समोरच्याला माहीत आहे हे मावशीलाही माहीत. तरीही मावशीपणात तसूभर कमी पडून चालत नाही. ज्या प्रेक्षकाने हे पिढ्यानपिढ्या पाहिलंय त्याला पार्वती झालेला लक्ष्या नवा नव्हता. आणि हा नुसता माझा अंदाज नाही, 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लिहिणारे वसंत सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक. ज्या हाताने वग लिहिला त्याच हाताने सिनेमा लिहिला. 'विच्छा'तून वर आलेले दादा कोंडके पुढे 'सोंगाड्या' (१९७१) घेऊन आले. सिनेमाच्या नावातच पत्ता लिहिलाय बघा, आपण कुठून आलो तो.

आता धागाकर्त्याशी थोडं भांडतो. 'कुणी डोळा मारत नाही' हे अर्धंच खरं. वगातला सोंगाड्या सतत डोळा मारतो. गावच्या सरपंचावर बोलतो, पुढच्या रांगेतल्याची टोपी उडवतो, कालच्या बातमीवर कोटी करतो. डोळा न मारणारा असतो तो राजा. राजा मूर्ख असेल, प्रधान लबाड असेल, पण राजाने शेवटपर्यंत राजाच राहायचं. राजा हसला की वग संपला.

कोठारेंच्या सिनेमात लक्ष्या सोंगाड्या आहे. आणि राजा कोण? स्वतः कोठारे. लोक त्यांच्या अभिनयाला 'लाकडी' म्हणून हिणवतात, पण त्या लाकडावरच तंबू उभा आहे. तिथे एखादा खट्याळ, हसरा नट घातला असता तर 'झपाटलेला' दुसऱ्या रिळाला कोसळला असता.

'बनवाबनवी'त तेच काम नयनतारा करतात. लीलाबाई काळभोर या बाईने सुधा आणि पार्वती बायकाच आहेत असं मनोमन धरलंय, म्हणून सचिन आणि लक्ष्याला काहीही करायची मुभा. तिला संशय आला असता तर चित्रपट वीस मिनिटांत आटोपला असता.

जाता जाता, सामाजिक सिनेमा एका बाजूला आणि आचरट दुसऱ्या बाजूला ही मांडणी नटांनी कधी मानली नाही. 'सिंहासन'मधले निळू फुले 'कथा अकलेच्या कांद्याची' करून आले होते. दिलीप प्रभावळकरांनी १९९१ला 'चौकट राजा'मधला नंदू केला, १९९३ला तात्या विंचू, आणि पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधी. मोजमाप एकच, पात्र खरं मानायचं.

पडद्यामागचा

'राजा हसला की वग संपला'. दंडवत घ्या. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात. आता हे मोजमाप इतर सिनेमांना लावून बघायला पाहिजे.

हॉस्टेल_ब्लॉक_सी

धाग्यात 'गुंडा' (१९९८) अजून आला नाही? कांती शहा, मिथुन, मुकेश ऋषीचा बुल्ला. प्रत्येक खलनायक येतो आणि यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतो, जणू कीर्तनाला उभा राहिलाय. मृतदेहासमोरही यमक सुटत नाही. आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर ही फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरायची आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पन्नास पोरं एका खोलीत कोंबून संवाद कोरसमध्ये म्हणायची. आयआयट्यांतून ही साथ पसरली असं सगळेच सांगतात.

तिसरीघंटा यांच्या हिशोबात 'गुंडा' काय? माझ्या मते यात सगळेच राजे आहेत, सोंगाड्या एकही नाही. म्हणून सोंगाड्याचं काम प्रेक्षकाला करावं लागतं. आमची खोली तेच करत होती.

गोदाकाठची

'सोंगाड्याचं काम प्रेक्षक करतो' हे फार आवडलं, आणि तिथेच माझी अडचणही आहे.

'गुंडा'त बलात्कार आहेत. नायकाची बहीण, बुल्लाची बहीण. तेही त्याच यमकाच्या ओघात येतात आणि त्या पन्नास पोरांच्या खोलीत तिथेही हशा पिकतो. मी इंजिनिअरिंगला असताना मुलांच्या अड्ड्यावर हे पाहिलंय. मुलींपैकी मी एकटीच होते, आणि त्या प्रसंगाला बाकीचे पुढची ओळ आधीच म्हणून टाळ्या मागत होते. सिनेमा वाईट आहे म्हणून हसतोय असं ते म्हणत, पण हसू थांबायच्या जागी थांबत नव्हतं.

'झपाटलेला' बघताना मला असं कधी वाटलं नाही. तिथे घाबरतो तो लक्ष्या, आणि हसायचं ते त्याच्या घाबरण्याला, ज्यात आपणही आहोत. तरी कोठारे आणि मंडळींना मी सरसकट सोडणार नाही. तोतरेपणा, जाडी, काळा रंग, 'बायल्या' चालीचा पुरुष, या चार गोष्टींवर त्या काळातले निम्मे विनोद बेतलेले आहेत. आज मुलाबरोबर बघताना रिमोट हातात धरून बसावं लागतं. अडकित्ता यांच्या यादीतला 'तोतरा नोकर' मला त्यांच्याइतकाच खुपतो.

मावशीचं आणखी एक. साडीतल्या पुरुषाला हसणं आणि साडी नेसाविशी वाटणाऱ्या पुरुषाला हसणं यातला फरक गवळणीला कळायचा. सिनेमाला दर वेळी कळलाच असं नाही.

हॉस्टेल_ब्लॉक_सी

तुमचा मुद्दा मान्य. हल्ली आम्ही जमलो तर फक्त खलनायकांच्या ओळखींचे तुकडे लावतो, अख्खा सिनेमा नाही. मुख्य म्हणजे आता कुणाची बायको-मुलगी बरोबर असते आणि अख्खा लावायची कुणाची छाती होत नाही. यावरून काय ते समजा.

मफलर

म्युनिकहून. इथलं एक ताजं उदाहरण देतो, कारण 'प्रेक्षक सोंगाड्या' हे मी डोळ्यांनी बघून आलोय.

'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा १९७५चा ब्रिटिश-अमेरिकन संगीतपट. पावसात गाडी बंद पडलेलं एक सरळमार्गी जोडपं एका वाड्यात शिरतं आणि तिथे जाळीदार मोजे घातलेला शास्त्रज्ञ एक सोनेरी केसांचा पुरुष तयार करतोय. त्याच्या वाड्यातली मंडळी परग्रहावरची. आधी लंडनमध्ये १९७३ला नाटक म्हणून गाजला, सिनेमा मात्र आला तेव्हा पडला. मग १९७६ला न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि लोक परत परत येऊ लागले, पात्रांचे पोशाख करून, पडद्याशी बोलत. तेव्हापासून तो कुठे ना कुठे चालूच आहे. म्युनिकच्या मुझेउम लिश्टश्पीले या छोट्या थिएटरात १९७७पासून.

ऑफिसातली एक जर्मन सहकारी घेऊन गेली. तिने पिशवी भरून सामान आणलेलं. पडद्यावर लग्न लागलं की तांदूळ फेकायचे. आपल्या अक्षताच, फक्त बिनहळदीच्या. पाऊस लागला की डोक्यावर वर्तमानपत्र धरायचं, कारण नायिका धरते, आणि मागच्या रांगेतले पिचकाऱ्या मारतात. जेवणाच्या टेबलावर पडद्यावरचा 'टोस्ट' म्हणाला की थिएटरभर भाजलेले पाव उडतात. संवादांच्या मध्ये जिथे श्वास घ्यायला जागा आहे तिथे प्रेक्षकांचे स्वतःचे संवाद ठरलेले. सहकारीने सगळे पाठ म्हटले, जर्मन उच्चारात इंग्रजी.

त्यात एक निवेदक आहे, गुन्हेशास्त्रज्ञ. सूट, टेबल, जाडजूड फाइल, आवाज बातम्यांचा. बाहेर धुडगूस चाललेला असताना हा माणूस शांतपणे नाचाच्या पायऱ्या तक्त्यावर दाखवून समजावतो. तोच राजा! तो एकदाही हसत नाही. तिसरीघंटा यांचा नियम म्युनिकमध्येही लागू.

माझ्या शेजारी एक मध्यमवयीन जोडपं होतं. तांदूळ केसांत गेल्यावर बाई उठल्या. नवरा मध्यंतराची वाट बघत होता, पण मध्यंतर नसतंच. तेही गेले. फाळणी सगळीकडे सारखीच.

अडकित्ता

तांदूळ फेकतात? आणि झाडतं कोण?

मफलर

झाडायला माणूस आहे. मी विचारलं नाही, पण खेळ संपल्यावर कुंचा घेऊन उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तुमचंच मत होतं.

तिसरीघंटा

मफलर यांचा नमुना चोख आहे. उलट टोकाला 'द रूम' (२००३) ठेवतो. टॉमी विझो लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक. हृदय पिळवटणारा प्रेमत्रिकोण करायचा होता आणि जे झालं ते बघून लोक लोळले. घरातल्या चौकटीत चमच्याचं चित्र लावलेलं दिसतं, म्हणून आता खेळाला लोक प्लास्टिकचे चमचे फेकतात. विझो नंतर म्हणू लागले की ही ब्लॅक कॉमेडीच होती. म्हणजे राजाने वग संपल्यावर सांगायचं, मी मघाशी सोंगाड्याच होतो. चालत नाही!

सुझन सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेचा १९६४चा एक निबंध आहे या सगळ्या प्रकारावर, टिपांच्या रूपात. तिचं म्हणणं साधारण असं की जाणूनबुजून केलेल्या भडकपणापेक्षा अजाणता घडलेला अस्सल. मला ते अर्धंच पटतं. तिच्या मापाने 'द रूम' पहिला येईल आणि 'झपाटलेला' मागे पडेल. पण विझोंवर हसताना आपण एका माणसाच्या फजितीवर हसतो. लक्ष्यावर हसताना त्याच्या कसबावर. मला दुसरं हसू जास्त टिकाऊ वाटतं.

कनात

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. आमचा धंदाच टुरिंग टॉकीजचा होता. वडील जत्रा धरून तंबू लावायचे, मी सुट्टीत तिकिटाच्या खिडकीवर नाहीतर जनरेटरपाशी. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवा लागायचा आणि लोक विड्या पेटवायचे.

इथे सगळे 'हसणं हसणं' करताय. तंबूत 'झपाटलेला' लागला की लोक आधी घाबरायचे. तात्याचा 'ओम फट् स्वाहा' मंत्र सुरू झाला की बायांच्या बाजूने 'बया बया' ऐकू यायचं, पदर तोंडात. गडी माणसं आवाज न करता सरकून जवळ बसायची. बाहुला पहिल्यांदा मान वळवतो तिथे तंबूत शांतता. मग लक्ष्या बोंबलत पळाला की स्फोट. ती भीती नसती तर ते हसू निम्मंही आलं नसतं. शहरातल्या घरात टीव्हीवर, दिवे लावून, मधे जाहिराती घेऊन बघणाऱ्याला ही अर्धी बाजू मिळतच नाही. तो म्हणणार, आचरट आहे.

पोरं मध्यंतरात पडद्यामागे यायची. बाहुला कुठे ठेवलाय बघायला. एकदा वडिलांनी गंमत म्हणून मोकळ्या रिळाच्या डब्याकडे बोट दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी डब्याजवळ कुणीतरी लिंबू ठेवून गेलं. वडिलांनी तो डबा पुढे कधी उघडाबोडका ठेवला नाही. विश्वास म्हणून नाही, गिऱ्हाइकाचा मान म्हणून.

दादांचे सिनेमे लागायचे तेव्हा वेगळंच. तिथे भीतीबिती नाही, पण बाया हसताना बाप्यांकडे बघायच्या नाहीत आणि बापे बायांकडे. दोन्हीकडून हसू वर जाऊन कापडाला लागायचं. घरी गेल्यावर कुणी कुणाला विचारायचं नाही की तुला नेमकं काय कळलं.

अडकित्ता साहेबांना सांगायचंय की 'सामना' पण आम्ही लावायचो. बघायचे लोक. त्याच सतरंजीवर बसून.

पडद्यामागचा

कनात, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे. अजून लिहा, वेगळा धागा काढा.

भीतीचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता आणि तो आल्यावर एक कोडं सुटल्यासारखं वाटतंय. 'झपाटलेला २' (२०१३) थ्रीडी होता, बाहुला जास्त सफाईदार, पैसा जास्त. मला तो लागला नाही. तेव्हा वाटलं लक्ष्या नाही म्हणून. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, ती पोकळी आहेच. पण आता वाटतं, तोवर आपण सगळ्यांनी तात्या विंचूला लाडका करून टाकला होता. मीम, टीशर्ट, रिंगटोन. पडद्यावर तो आल्यावर थिएटरात शिट्ट्या पडल्या. ज्याचं स्वागत शिट्ट्यांनी होतं त्याला कोण घाबरणार?

हॉस्टेल_ब्लॉक_सी

हाच प्रकार 'अंदाज अपना अपना'चा होऊ नये अशी प्रार्थना. १९९४ला आला तेव्हा चालला नाही, मग केबलवर आणि सीड्यांवर मोठा झाला, एप्रिल २०२५ला पुन्हा थिएटरात लावला. अर्ध्या थिएटरने संवाद आधी म्हटले. मजा आली, पण पहिल्यांदा बघायला आलेल्या माझ्या चुलतभावाला एक विनोद धड ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, 'तुम्ही लोक सिनेमा बघायला आला होतात की आरतीला?'

गोदाकाठची

चुलतभावाला माझा पाठिंबा. भक्त झाले की नवा माणूस आत येत नाही. मला वाटतं या सिनेमांचे निम्मे वैरी सिनेमाने नाही, त्यांच्या भक्तांनी तयार केलेत. 'तुला नाही आवडला? मग तुला विनोद कळत नाही' हे ऐकून ऐकून माणूस हट्टाला पेटतो.

आणि राजा-सोंगाड्या हिशोबाने हल्लीचे टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम बघा. स्किटमध्ये नटच हसू दाबतोय, समोर बसलेले परीक्षक हसतायत, मागून हशाची पट्टी. सगळेच सोंगाडे. राजाची जागा रिकामी. म्हणून पाच मिनिटांत थकायला होतं.

तिसरीघंटा

+१. रिकाम्या सिंहासनापुढे सोंगाड्या काय करणार, अँकरलाच टपल्या मारणार.

लिमलेट

एक व्यावहारिक प्रश्न. भाची सात वर्षांची आहे, 'झपाटलेला' दाखवू का? बहीण म्हणते नको.

कनात

दिवसा दाखवा. आणि घरात बोलका बाहुला असेल तर आधी माळ्यावर टाका.

गोदाकाठची

शेजारी बसून दाखव. घाबरली तर बंद करायचा, 'त्यात काय घाबरायचं' म्हणायचं नाही.

लिमलेट

दाखवला, आत्ताच संपला. मंत्राला माझ्या मांडीत शिरली, लक्ष्या पळाला तेव्हा खदखदून हसली. शेवटी दोन भुवयांच्या मधे गोळी लागते तिथे टाळ्या. मग मला विचारते, 'मावशी, तो पोलीस एकदापण हसला नाही. त्याला माहिती नव्हतं का की हा बाहुला आहे?'

तिसरीघंटा

या मुलीला नाटकाच्या शिबिराला घाला.

अडकित्ता

भाचीने प्रश्न बरोबर विचारला आहे. तिला माझ्याकडून खाऊ. 'थरथराट' मात्र दाखवू नका, निदान माझं ऐकलं असं तरी होईल.